विसावी पुंगळी

"घाबरू नको, मेस्ता," फौजदार सगुण नाईक बाकड्यावर टेकत म्हणाला. "तुका पकडूक नाय इलंय. एक वस्तू दाखवूची आसा."

कृष्णनाथ मेस्ताने कानस उचलली आणि उगाच पुन्हा खाली ठेवली. हळर्णेत बंदुका दुरुस्त करणारा तो एकटाच. पोलीस अधूनमधून वही तपासायला यायचे, भिंतीला टेकवलेल्या गिऱ्हाइकांच्या बंदुका मोजायचे आणि चहा पिऊन जायचे. पण आज शिपायाने जीपमधून जमीनदार गोकुळदास भाटकाराची रायफल उतरवली होती.

फौजदाराने रुमाल सोडला. आत काडतुसाची रिकामी पुंगळी होती. पितळेची, काळवंडलेली.

"भिकाजीच्या मड्याकडे गावली."

कृष्णनाथाने मान खाली घातली. परवा संध्याकाळी गोवा घटक राज्य झाले म्हणून सारा गाव देवळापुढे फटाके लावत होता. त्या गडबडीत वर काजूच्या बागेत भिकाजीला कोणीतरी गोळी घातली. आवाज कोणालाच कळला नाही. गोळी आरपार जाऊन रानात कुठे पडली, तीही मिळाली नाही. भिकाजी हा गोकुळदास भाटकाराचा मुंडकार, त्याच्या जमिनीत घर करून राहिलेला, आणि घराच्या जागेवरून दोघांचे हाडवैर. त्यामुळे गावाने दुसऱ्या दिवशीच मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता. उघड बोलायची मात्र कोणाची छाती नव्हती. कृष्णनाथाचे घरही भाटकाराच्याच जमिनीत उभे होते.

"तू त्या सांजेक खंय होतंस?"

"देवळाकडे. हिका विचारा."

मालती, त्याची बायको, चहाचे कोप घेऊन दारात उभी होती. दोन दिवस तिने ना घास घेतला होता, ना शब्द काढला होता. डोळे सुजून लाल झाले होते. तिने पदर तोंडाला लावला. फौजदाराने तो होकार धरला.

"वैनी बरीच भियालेली दिसता."

"शेजारचो माणूस गेलो, सायबा." कृष्णनाथ म्हणाला. "काजूच्या दिसांनी रोज बोंडां घेवन येय. मी घरात आसंय, नसंय."

"हां. आता सांग, ही पुंगळी कोणाच्या बंदुकीची?"

आपल्या तोंडून एक नाव निघाले की भाटकार फासावर जाणार, हे कृष्णनाथाला ठाऊक होते. आणि तो सुटला, तर मान जाणार ती आपलीच.

"माका मध्ये घालू नकात, सायबा. लहान मुलां आसत माझी."

"मेस्ता, खून झालो आसा."

कृष्णनाथ अगदी हळू म्हणाला, "भाटकाराची."

"छातीक हात लावन सांगतंस?"

"दुसऱ्या खंयच्याच बंदुकीत ती बसूची नाय." आणि मग भीती असूनही त्याच्यातला कारागीर बोलू लागला. कारागिराची खोडच ती. कामाबद्दल विचारले की जीभ सैल सुटते. ही रायफल पोर्तुगीज अमलातली. तिची काडतुसे मिळेनाशी झाली, तेव्हा त्याने नळीतले काडतूस बसायचे घर कोरून स्वतःच्या मापाचे केले. त्या मापाचे काडतूस कुठल्याच कंपनीचे नाही. जवळच्या मापाच्या पुंगळ्या आणायच्या आणि त्याच बंदुकीत एकेक बार उडवायचा.

"त्या बारात गोळी नाय घालणत. चिमटीभर दारू, वर रवो, तोंडाक मेण. किल्ल्याच्या पडक्या भिंतीकडे बार काढलो, की पितळ फुगता आणि बंदुकीच्या घराचो आकार घेता. मगे चिंचेच्या पाण्यात धुवन, काडीक फडको लावन आतून पुसतंय. रव्याचो एक कण रवता नये, रवलो तर दारू नासता. तेच्या नंतर खरी दारू, खरी गोळी."

"किती दिलंस?"

"वीस. सगळी भरून."

"भाटकाराकडे एकोणीस गावली. एकूय उडवलेली नाय." फौजदार हसला. "विसावी ही. तो म्हणता, मोजून घेवक नाय. आता तो काय मोजतलो!"

शिपायाने रायफल पुढे केली. फौजदाराने पुंगळी आत सरकवली. ती लोण्यात सुरी जावी तशी गेली, खटका बसला. ओढली, तशीच अलगद बाहेर आली. पुंगळीच्या मानेचा कोपरा बरोबर तोच, वळणही तेच.

फौजदाराने कागद पुढे केला. कृष्णनाथाने सही केली. सही वेडीवाकडी आली, पण आली. परवापासून छातीवर ठेवलेला धोंडा पहिल्यांदाच जरासा हलला. त्याने श्वास सोडला आणि चहाचा कोप उचलला.

"भिया नको," फौजदार उठत म्हणाला. "भाटकाराक आता देवय सोडवचो नाय. तुझ्या केसाक कोण हात लावता बघूया."

रुमालात बांधण्याआधी त्याने सवयीने पुंगळी उलटी करून बाकड्यावर ठकठक आपटली. आतून मेणाची काळी खपली निघाली आणि तिच्याबरोबर चिमूटभर काहीतरी सांडले. काही दाणे करपलेले होते, काही पांढरेच राहिलेले.

"रानातली माती भरली मरे हेच्यात," फौजदार म्हणाला आणि तळहाताने ती झाडायला लागला.

मालतीने त्याचा हात धरला. वाकून एक दाणा बोटावर घेतला आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच बोलली.

"माती नाय ती, सायबा. माझ्या डब्यातलो रवो तो."