नकाशात नसलेला तालुका

बडोद्यातल्या फतेगंजातली वरची खोली चिनी माणसाला द्यायची म्हणजे आधी पारखून घ्यायला हवं, असं लक्ष्मणरावांचं ठाम मत. आता समोर बसलेला लिन हालोलच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होता आणि शालिनीबाईंनी दिलेला चिवडा मन लावून खात होता. तरी लक्ष्मणरावांच्या मनात पाल चुकचुकतच होती. लिनने आपल्या तालुक्याचं नाव सांगताच त्यांनी ते मोबाईलवर शोधलं.

"हा तालुका नकाशात नाहीच!"

"बरोबर आहे, काका. धरण झालं आणि सगळं खोरं बुडालं. उरलेला डोंगर सरकारने शेजारच्या दोन तालुक्यांत वाटून टाकला. मी तेव्हा शाळेत होतो."

"मग आत्ताच्या तालुक्याचं नाव सांगायचं ना!"

"ते तोंडात येत नाही, काका."

लक्ष्मणराव बायकोकडे वळून मराठीत पुटपुटले, "कुठेतरी पाणी मुरतंय. ज्याला स्वतःचं गाव धड सांगता येत नाही, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

शालिनीबाईंनी चहा पुढे केला. कप घेत लिनने विचारलं, "आणि तुमचं गाव, काका?"

लक्ष्मणराव नेहमीसारखे ताठ बसले. "कडी प्रांत, बडोदे संस्थान! आजोबा वहिवाटदार, म्हणजे मामलेदार होते तिथे."

लिनने बराच वेळ मोबाईलवर शोधलं. मग खुर्ची जवळ ओढून त्याने हलक्या आवाजात विचारलं, "तुमच्याकडे कुठलं धरण झालं, काका?"