अण्णांची अट

सर्व्हरवर नजर ठेवणारा प्रोग्राम अखेर सुरू झाला. पण तो कसा सुरू झाला, ते घडलंच नाही असं धरून चालू. ऑफिसातही सगळे तसंच धरून चालतात.

तर, सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर प्रोग्राम काही केल्या उठेना. प्रोबेशनवरच्या पोरीने पाचदा बटण दाबलं. साहेब मागेच उभे. "बारापर्यंत चालू कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

तिने सेटिंग उघडलं. तिथे जुन्या ऑपरेटरने, म्हणजे अण्णांनी, एक अट घालून ठेवली होती: आधी अण्णांनी लॉगिन केलेलं असावं. वीस वर्षांत त्यांनी एकही सुट्टी घेतली नव्हती, त्यामुळे कधी अडलं नव्हतं.

"साहेब, ही अट काढते. अण्णा तर सोमवारी वारले."

"खबरदार! त्यांच्या कामाला हात लावलास तर आहे तेही बंद पडेल."

बाराला पाच कमी. ती रडकुंडीला येऊन पुटपुटली, "अण्णा, या ना हो."

स्क्रीनवर उमटलं: 'अण्णा हजर.' प्रोग्राम सुरू झाला.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "झालं ना? आता दर वेळी अशीच हाक मारत जा."

खाली एकेक अक्षर उमटू लागलं: 'महोदय, सोमवारी माझे निधन झाले असल्याने मला सेवेतून मुक्त करावे, ही नम्र विनंती.'