मुरूम लागेपर्यंत

सन बहात्तरचा उन्हाळा. मानेवाड्याच्या नव्या लेआउटमध्ये पायाच्या चरात उभा राहून शालिकराम मिस्त्री ठेकेदार वामनरावांना सांगत होता, "मालक, ही काळी माती हाय. पावसात फुगते, उन्हात फाटते. खाली मुरूम लागेपर्यंत खोदू द्या, नाही तं दोन वर्षात भिंती तडकतीन."

"चार फुटावरच भरून टाक गा. जमिनीखालचं कोन पाहून राह्यलं?"

शालिकरामने पाया भरायला नकार दिला. वामनरावांनी त्याच दुपारी त्याला कामावरून काढलं आणि बाकीच्या ठेकेदारांनाही त्याला ठेवू नका म्हणून सांगितलं. पुढची चार वर्षं तो घरोघरी भिंतींच्या भेगा बुजवत फिरला. त्यातली बरीच घरं वामनरावांनीच बांधलेली होती.

मग एका सकाळी वामनराव स्वतःच त्याच्या दारात आले.

"शालिकराम, नवीन घर हाय. पाया तुलेच भराचा हाय. मुरूम लागेपर्यंत जा, पंधरा दिवस जास्त लागले तरी चालन."

शालिकराम उठलासुद्धा नाही. थकल्या आवाजात त्याने विचारलं, "काहून मालक? असं कोनाचं घर हाय?"

 

वामनराव खाली पाहत म्हणाले, "माझं."