दुपारच्या भेंड्या

आप्पांच्या सदऱ्याच्या खिशातून आज पुन्हा खडीसाखर आणि दोन लवंगा निघाल्या. केशरबाईंनी त्या मोरीच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि सदरा बादलीत बुडवला. सगळा संसार झाला, पण या माणसाने कधी खिशात गोड बाळगलं नव्हतं.

गेला महिनाभर आप्पा दर दोन-तीन दिवसांनी केजला जात होते. तहसीलला काम आहे, एवढंच सांगायचे. पूर्वी जीपने जायचे. आता पुतण्या शहादेव मोटारसायकल घेऊन दारात यायचा, काकूला वाकून नमस्कार करायचा आणि काकाला मागे बसवून न्यायचा. हा शहादेव एरवी दिवाळीलासुद्धा तोंड दाखवत नसे.

केशरबाईंना खोदून विचारता येत नव्हतं. त्यांच्याही पदराखाली एक गोष्ट झाकलेली होती.

एकुलता एक आदिनाथ ओसाकाला इंजिनीअर होता. तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि मग घरी कळवलं. आप्पांनी त्या दिवशी फोन ठेवला तो ठेवलाच. या घरात त्याचं नाव निघायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. पुढे नात झाली. तिचा फोटो केशरबाईंनी समोर धरला, तर आप्पा उठून गोठ्यात निघून गेले.

तेव्हापासून आप्पा घराबाहेर पडले, की केशरबाई माजघराचं दार लावून घ्यायच्या आणि ओसाकाला फोन लावायच्या. इकडे जेवणं उरकत तेव्हा तिकडे दिवेलागण झालेली असे. नात हाना सात वर्षांची, बापाने शिकवलेलं मोडकंतोडकं मराठी बोलणारी. आजीशी बोलायचं तरी काय? मग तिनेच खेळ काढला. तिच्याकडची मुलं शब्दांच्या भेंड्या खेळतात, हिने त्या जपानी गाण्यांच्या केल्या. ज्या अक्षरावर एकीचं गाणं संपेल, त्यावरून दुसरीने सुरू करायचं. नुसत्या 'न्'वर संपलं तर हरलं, कारण त्यावरून तिकडे काही सुरूच होत नाही. फोनवर कराओकेची चाल वाजायची, शब्द आपण म्हणायचे.

केशरबाईंची हयात भजनात गेलेली. नातीकडून एकदा ऐकलेलं गाणं त्यांच्या कानातून सुटत नसे. 'या' आला की त्या 'यामा'चं, म्हणजे डोंगराचं गाणं म्हणत, 'हा' आला की 'हाना'चं, म्हणजे फुलाचं. अर्थ अर्धामुर्धा कळायचा, पण नात टाळ्या वाजवायची, तेवढं पुरे होतं.

आणि आता हे खडीसाखरेचं.

सोमवारी शेजारच्या भिवराबाई केजच्या बाजारातून आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी सांगितलं, की आप्पा आणि शहादेव वकिलाच्या पाटीशेजारच्या जिन्याने माडीवर जाताना दिसले. तहसील तिथून कुठल्या कुठे. केशरबाईंनी त्यांना चहा दिला आणि विषय पावसावर नेला.

दुसऱ्या दिवशी शहादेव आप्पांना सोडायला आला. गाडी बंद करून दोघं लिंबाखाली उभे राहिले. केशरबाई भिंतीआड शेण गोळा करत होत्या.

"आप्पा, शेवट तेवढा पक्का करा," शहादेव सांगत होता. "समदा खेळ शेवटावरच हाय. तिथं धरलं, की समोरच्याला तोंड उघडायला जागा न्हाई."

"केशरला कळता कामा नये," आप्पा म्हणाले.

केशरबाईंच्या हातातली पाटी तशीच राहिली. म्हणजे जमीन. आदिनाथच्या वाट्याची पट्टी शहादेवच्या घशात जाणार, आणि तीही आईच्या पाठीमागे.

संध्याकाळी ताट वाढताना त्यांनी विचारलंच. "जमिनीचं काही चाललंय का?"

"जमिनीला काय झालंय?"

"शहादेवचं येणं लई वाढलंय."

आप्पांनी भाकरीवर दूध ओतलं. "दुपारचं तुझं दार कावून लावलेलं असतंय, मी इचारतो का?"

केशरबाई दुधाचं भांडं उचलून आत गेल्या. रात्रभर त्या तेच घोळवत राहिल्या. आप्पांना कळलंय. फोनचं कळलंय, म्हणूनच ते हे करताहेत. आपल्या चोरून बोलण्याची शिक्षा पोराला होतेय.

सकाळी उठल्या त्या ठरवूनच. आदिनाथला बोलवायचं. पहिल्या विमानाने ये, तुझा बाप तुझा हक्क लिहून देतोय, कोर्टात उभं राहावं लागलं तरी राहा, असं सांगायचं. बाप-लेक समोरासमोर आले, तर त्या लेकाच्या बाजूला उभ्या राहणार होत्या. म्हातारपणी घर मोडलं तर मोडलं.

दुपारी जेवून आप्पा गेले. मोटारसायकलचा आवाज वेशीपलीकडे विरला, तशी केशरबाईंनी दाराला कडी घातली आणि फोन लावला.

हानाने उचलला. बाबा वाटेत आहेत, येतीलच, तोवर भेंड्या, असं म्हणून तिने चाल लावलीसुद्धा. केशरबाईंचं मन कशात नव्हतं. दोन गाणी कशीबशी झाली. तिसरं हानाने म्हटलं, कधी न ऐकलेलं, आणि नेमकं 'रु'वर आणून सोडलं. जपानीत 'रु'वर गाणी सापडणं मुश्कील. केशरबाई अडल्या.

"हरले गं बाई. तुझा बाबा आला की त्याला फोन दे. लई महत्त्वाचं बोलायचंय."

"'रु'चं आहे एक. आजोबांना येतं."

"तिकडच्या आजोबांना येत असंल."

"ते नाही. आप्पाआजोबा. केजला गाण्याच्या क्लासात शिकतात, शहादेवकाकाच्या फोनवर मला गाऊन दाखवतात." हानाने आवाज बारीक केला. "तुला सांगायचं नाहीये. त्यांना आधी तुला हरवायचंय."