दहाव्याचा दहीभात

पिंडाला कावळा शिवेना. “अप्पांच्या आवडीचं काही ठेवा,” गुरुजी म्हणाले, म्हणून वैजूने पिंडाशेजारी गार दहीभाताची वाटी ठेवली. घशाच्या कॅन्सरला किरणं दिल्यापासून अप्पांना पाणीसुद्धा गंजक्या पत्र्यासारखं लागे, तळणीच्या वासाने ओकारी येई. तिने लाकडी चमच्याने भरवलेला हा भात तेवढा त्यांच्या घशाखाली उतरायचा.

“अगं, हे काय आजाऱ्याचं खाणं ठेवतेस?” आत्या म्हणाली. “माझा भाऊ बटाटेवड्यावर जीव टाकायचा.”

“त्यांना वडा सोसतच नव्हता, आत्या. वर्षभर मीच होते ना त्यांच्याजवळ?”

“म्हणूनच वासना राहिली त्याची.”

अंत्यदर्शनालाही न पोचलेला दादा घाटाच्या पायऱ्या चढून गेला आणि टपरीवरून वड्यांचा पुडा घेऊन आला. त्याने दोन वडे पिंडाजवळ ठेवले आणि तो मागे सरतो न सरतो तोच कावळा झेपावला. दहीभाताकडे न बघता त्याने वडा उचलला. उचलताना पिंडाला चोच लागली. सगळ्यांनी हात जोडले.

“बघितलंस?” आत्या डोळे पुसत म्हणाली. “उपाशी गेला गं बिचारा.”

वैजूनेही हात जोडले. रोज वाटी संपली की अप्पा ‘छान झाला होता’ म्हणायचे. ते खरं होतं, की लेकीचं मन राखायला म्हणत होते, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं.