दोऱ्याचं माप

नीरजाच्या बोटाला गुंडाळून आणलेला दोरा मी फूटपट्टीवर धरून मोजत होतो, तेवढ्यात अण्णा दुकानातून जेवायला आले. मोबाइलवरची साखरपुड्याची अंगठी लपवायला वेळच मिळाला नाही.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं गावाच्या अंगठ्या घडवल्या. “सुनेची अंगठी माझ्याच हातची असणार,” असं ते मी शाळेत होतो तेव्हापासून सांगायचे. गेल्या वर्षापासून मात्र त्यांचे हात थरथरतात. आता दुकानात ते फक्त तयार दागिने विकतात आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

“तिला हिऱ्याचीच हवीय,” मी घाईघाईने म्हणालो. “आपल्याकडे हिऱ्याचं काम होत नाही, म्हणून ऑनलाइन बघतोय. पहिल्यांदाच.”

खरं तर नीरजाने अण्णांच्या हातची साधी सोन्याची अंगठी मागितली होती.

अण्णांनी दोरा उचलला, दोन बोटांत धरून ओढून पाहिला. “मोजताना दोरा ताणला जातो रे. अंगठी सैल होईल तिला. कागदाची पट्टी गुंडाळून माप घे.”

त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि कात्री चालवली. पट्टी वाकडी गेली. दुसरीही वाकडीच गेली. तिसरी कापायला घेतली, आणि मग थांबून त्यांनी कात्री माझ्या हातात दिली.

“तूच काप,” ते म्हणाले. “आणि मंगळसूत्रही हिऱ्याचंच मागव. म्हणजे तुला नवं कारण शोधायला नको.”