बाबांची वाटणी

“आता भांडणं पुरे. चिठ्ठ्या टाका,” आतून नातीचा आवाज आला.

बाबा दाराशीच थबकले. जन्मभर त्यांनी लोकांची अडलेली कुलपं उघडून दिली. आज स्वतःच्याच घरात बंद दाराला कान लावायची पाळी आली होती.

न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून त्यांनी एकटं राहायचं नाही, एवढं ठरलं होतं. मग कुणाकडे, यावर सकाळपासून तिन्ही मुलांची जुंपली होती. “तिसरा मजला, लिफ्ट नाही!” “दोघंही कामावर, दिवसभर बघणार कोण?” दाराआडून असे तुकडेच कानावर येत. टोलवाटोलवी, दुसरं काय! पोटच्या पोरांना म्हातारा जड झाला होता.

सुना, जावई, मोठी नातवंडं धरून नऊ मतं. थोरलीची मुलगी सगळ्यांना समजावत होती, “तिघांची नावं पसंतीच्या क्रमानं लिहा. पाच चिठ्ठ्यांवर ज्याचं नाव पहिलं, त्याच्याकडे आजोबा. कुणालाच पाच नाही मिळाली, तर सगळ्यांत कमी मतांचा बाद. त्याच्या चिठ्ठ्या वाया जाणार नाहीत, त्यांवरच्या दुसऱ्या नावाला मिळतील.”

कागद सळसळले. मग तीच म्हणाली, “धाकटा मामा चार, मधला मामा तीन, आई दोन. आई, तू बाद.”

आत कुणीतरी लांब सुस्कारा सोडला. सुटली, बाबांच्या मनात आलं. दुकानाच्या पायरीवर बसून किल्ल्यांशी खेळणारी ती पोर. तिच्यावर रागावणार तरी कसं?

“आईच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर दुसरं नाव मधल्या मामाचं. तीन नि दोन पाच!”

म्हणजे धाकटाही सुटला. लोढणं मधल्याच्या गळ्यात.

बाबा काठी टेकत खोलीत गेले. दोन सदरे, औषधं, बायकोचा फोटो पिशवीत भरला. वृद्धाश्रमात राहीन, पण कुणाला भार होणार नाही.

मागे दार वाजलं. थोरली उभी होती. डोळे लालभडक.

“रडू नकोस, बाई,” बाबा म्हणाले. “मी नाही कुणावर रागावलो.”

“पण मी रागावलेय!” पन्नाशीची थोरली पाय आपटत म्हणाली. “धाकट्यानंही तोंड फुगवलंय. बाबा, त्यांना पुन्हा मोजायला सांगा ना!”